मेमसाबची ऑक्टोबर छाटणी

माझ्या खिशात कात्री होती, एवढंच काय ते निमित्त. तासगावची आमची द्राक्षबाग छाटली आणि मी तसाच एस.टी.त बसून साताऱ्याला थोरल्या भावाकडं आलो. तो आजारी होता. बाहेरच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी, कुंडीत त्याचं अझेलियाचं झुडूप होतं. कमरेएवढंही नाही, पण शेंडे वाटेल तिकडं गेलेले. माझे हात शिवशिवले. दादा आत झोपला होता, तोवर मी एकेक काडी दोन डोळ्यांवर, म्हणजे दोन कोंबांवर, आणून ठेवली. डोळे फुटायला बागेत लावतो ती पेस्ट जवळ नव्हती, नाहीतर तीही चोपडली असती. ऑक्टोबरात छाटल्याशिवाय माल लागत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

दादा फौजेत होता. ईशान्येकडं पोस्टिंगवर असताना डोंगरचे डोंगर लाल फुलांनी पेटलेले पाहिल्याचं तो सांगायचा. रिटायर होऊन साताऱ्यात राहिला, वहिनी गेल्या, आणि मग त्यानं त्याच जातकुळीचं हे झाड नर्सरीतून आणलं. नाव ठेवलं मेमसाब. कारण तिला कडक ऊन चालत नसे, बोअरचं पाणी चालत नसे, आणि आपली काळी माती तर बिलकुल नको. तिच्यासाठी तो पावसाचं पाणी कॅनमध्ये साठवायचा आणि स्वतः बोअरचं प्यायचा. दर फेब्रुवारीत त्याच्या बटणांच्या फोनवरून फोन यायचा, "फुललीय रं. येऊन बघून जा." फेब्रुवारी म्हणजे आमचा माल काढायचा महिना. "पुढच्या साली नक्की," मी म्हणायचो. अशी पाच सालं गेली. फुलं कसल्या रंगाची, हेही मी कधी विचारलं नाही.

त्या साली डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. दादाला ते कुणी न सांगताच कळलं होतं. "औंदाचं फूल बघितलं की आपली ड्यूटी खतम," तो म्हणायचा. म्हणून तर मी छाटली. बहर भरघोस यावा म्हणून.

नोव्हेंबरात खत विचारायला नर्सरीत गेलो आणि छाटणीचा पराक्रम ऐटीत सांगितला. नर्सरीवाल्यानं हातातली झारी खाली ठेवली.

"काका, हिच्या कळ्या पावसाळ्यातच शेंड्यात धरतात. तुम्ही औंदाची फुलंच कापली की."

बायको माझ्याबरोबर साताऱ्यातच मुक्कामाला होती. घरी आलो तेव्हा गॅसवर पेज ढवळत होती. मी सांगितलं, तशी ढवळायची थांबली.

"भावजींस्नी सांगणार हाय का?"

"तूच सांग."

"मी कशाला? कात्री तुमची."

कुणीच सांगितलं नाही. दादाला उठवत नव्हतं. आतल्या खाटेवरनं रोज सकाळी विचारायचा, "कळ्या धरल्या का रं?"

"धरल्यात. हरभऱ्याएवढ्या झाल्यात."

"इकडं आण की."

"कळीवर असताना हलवायची न्हाई, तूच सांगितलंयस."

"मग ऱ्हाऊ दे," तो म्हणायचा आणि मला माझ्याच हुशारीची शिसारी यायची.

जानेवारीत त्यानं विचारलं, "रंग दिसाय लागला का?"

"लागलाय की. लाल."

दादानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "लाल व्हय? कसा लाल?"

"कुंकवागत."

तो हसला, एवढा की खोकल्याची उबळ आली आणि बायको पाणी घेऊन धावली. त्या दिवसापासून सकाळचा प्रश्न बदलला. "आज किती लाल?" मीही रोज थोडा थोडा रंग चढवत गेलो. खोटं बोलायला एकदा बसलं की माणसाचा हात सैल सुटतो.

महिना सरता सरता त्याचा आवाज अगदी खोल गेला. मला धीर धरवला नाही. "उमलली रं दादा," एका सकाळी सांगून टाकलं. "एक न्हाई, सात फुलं."

त्यानं डोळे मिटले. "मग माझ्या वतीनं सलाम ठोक मेमसाबला."

मी बाहेरच्या खोलीत गेलो. त्याला ऐकू जावं म्हणून फरशीवर टाच आपटली, पोट जमेल तेवढं आत घेतलं आणि त्या बोडक्या झाडाला सलाम ठोकला.

"जोरात," आतून आवाज आला.

पुन्हा ठोकला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मेमसाब आमच्याकडं तासगावला आली. घरातल्या सगळ्यात गार खोलीत, खिडकीपाशी ठेवली. पावसाळाभर कॅन भरून घेतले. बायकोनं माझी कात्री कपाटात टाकली आणि किल्ली कमरेला खोचली. मी वर्षभर पाणी घातलं, एवढंच.

पुढच्या फेब्रुवारीत, माल काढणं चालू असताना, दुपारी पाणी प्यायला घरात आलो तर ती फुललेली. पांढरी. दुधासारखी पांढरी. लाल ठिपका तरी असेल म्हणून एकेक पाकळी उलटून बघितली. नव्हता. ज्यानं तिला पाच सालं हातानं फुलवलं, तो जानेवारीभर माझ्या तोंडून तिचा लाल रंग ऐकत पडला होता. तिथंच द्राक्षाच्या क्रेटवर बसलो, ते उठवेना.

बायको मागं येऊन उभी राहिली. मग पदरानं एका पानावरची धूळ पुसली आणि म्हणाली,

"आवं, कुणी इचारलं तर लालच म्हणा. भावजींस्नी तसंच सांगून झालंय आता."