वहीतली हिरवी शेवंती

महाराष्ट्र राज्य झालं, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मलकापूर-मोताळ्याकडचे आम्ही पाच-सहा जण शेवंतीच्या नादी लागलेले. आमची एक वही होती. कोणती जात कोणाकडे जिवंत आहे, हे दर दिवाळीनंतर जो तो आपल्या हातानं लिही. नियम एकच, प्रत्येक जात निदान दोन घरी हवी. एकाकडची गेली तर दुसऱ्याकडून काशी, म्हणजे बुडातला मुळासकट फुटवा, आणून लावायची.

हिरवट पाकळ्यांची एक जुनी शेवंती फक्त माझ्याकडे आणि शाळेतल्या गुरुजींकडे होती. एका उन्हाळ्यात विहीर आटली. मिळालेलं पाणी मी माझ्या नव्या गुलाबांना घातलं. शेवंती वाळली. वहीत मात्र लिहिलं, 'आहे.' गुरुजींकडून गुपचूप काशी आणू, असं मनात होतं. आणली नाही.

पुढं गुरुजींची लोणारला बदली झाली. एसटीच्या टपावर कुंड्या किती चढणार? वही बघून त्यांनी ती शेवंती घरमालकाच्या अंगणात सोडली. ती बकरीनं संपवली. वर्षभरानं ते माझ्याकडे आले.

"एक काशी दे बे. तुह्याकडे हाय म्हणूनच मी नेली नाही."

"गुरुजी, मायाकडची तर तुमच्या बदलीच्या अगोदरच मेली. उन्हानं."

"मंग 'आहे' काऊन लिहिलं?"

त्यांनी चहाला हात लावला नाही. वही पुढं सरकवली. "लिही आता. सगळ्याइले वाचू दे."

मी 'आहे' खोडून लिहिलं, 'मेली. खोटं लिहिलं होतं.' वही घरोघर फिरली. पंधरा दिवसांनी आमच्यातल्या एकच बाई, मोताळ्याच्या वहिनी, ओल्या पोत्यात गड्डा गुंडाळून दारात उभ्या.

"भाऊजी, हे तुमचीच शेवंती. वाळायच्या अगोदर तुमच्या अंगणातून काशी उचलली होती. न विचारता नेलेलं झाड हटकून जगते म्हणतात ना! पण चोरीची वहीत कशी लिहू?"

अर्धा गड्डा मी स्वतः लोणारला नेऊन दिला. गुरुजींनी नियमातलं 'दोन' खोडून 'तीन' केलं. म्हणाले, "एक घर चोराचं धरा."

उन्हाचं मी तेव्हा सांगितलं, गुलाबांचं आज सांगतोय. ती शेवंती तिन्ही घरी आहे. हे मी जाऊन, बघून लिहिलंय.