दोन वाजताचा उतारा

दुपारचे दोन वाजून सात मिनिटं झाली होती. एवढं नेमकं कसं आठवतं म्हणाल, तर मी दोन वाजल्यापासून मोबाईलकडंच बघत बसले होते. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत ऐका. इतक्या हुशारीनं इतका मूर्खपणा केलेली बाई तुम्हाला सगळ्या पैठण रोडला दुसरी सापडायची नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी शीतल. माहेर कन्नड तालुक्यातलं, शिक्षण सातवी. आठवीची शाळा लांबच्या गावाला होती, म्हणून तिथंच संपलं. चार महिन्यांपूर्वी आमच्या ह्यांना चितेगावच्या एका कंपनीत काम लागलं आणि आम्ही शहराला लागून नक्षत्रवाडीला एका खोलीत राहायला आलो. हे सकाळी सातला जातात, संध्याकाळी सहाला येतात. मधले अकरा तास मी आणि माझी तीन वर्षांची आरू. आरू लई बोलते, पण चिमणी आणि बिस्कीट, ह्या दोनच विषयांवर.

गल्लीत बाया नाहीत असं नाही. पण सगळ्यांना जाळीची दारं, आणि ती कायम लावलेली. एकदा मी मुद्दाम शेजारी विरजण मागायला गेले. माझ्या घरात दही होतं, तरी गेले. तिनं दार चार बोटं उघडलं, वाटी दिली आणि म्हणाली, "वाटी परत नाय आणली तरी चालंल." आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा, तुम्हीच सांगा.

अशात एक दिवस दूध डेअरीच्या भिंतीवर कागद दिसला. बाहेरून दहावी देणाऱ्या महिलांसाठी मराठीचा वर्ग, मोबाईलवर, मोफत. खाली कुलकर्णी बाईंचा पत्ता. माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या ह्यांना बाहेर उभं करून मी आत जाऊन नाव लिहून आले. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म बाईंनीच भरून घेतला. रिटायर झालेल्या शिक्षिका, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला, घरात एकट्या. त्या दिवशी पाहिल्या तेवढ्याच. मग रोज दुपारी दोनच्या ठोक्याला आमच्या सहा जणींच्या ग्रुपवर त्यांचा उतारा यायचा.

उतारा म्हणजे परीक्षेत येतो तो. न वाचलेला मजकूर देतात, तो वाचायचा, खाली पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची. मला तर त्याचं वेडच लागलं. दिवसभरात माझ्याशी कुणीतरी सलग आठ-दहा वाक्यं बोलायचं ते तेवढंच. कधी उताऱ्यात मधमाश्या असायच्या, कधी एखादा कुंभार. मला दोघंही चालायचे.

बाईंचे दोन नियम होते. एक, प्रश्न नाही आले तर आपले आपण काढायचे आणि उत्तरंही आपणच लिहायची. "प्रश्न काढता आला म्हणजे उतारा समजला," असं त्या म्हणायच्या. दुसरा नियम, उतारा चालू असताना कुणाचाही फोन उचलायचा नाही. मागच्याच आठवड्यात त्यांनी मुद्दाम फोन करून माझी परीक्षा घेतली. मी आपली भाबडी, उचलला.

"शीतल, उतारा चालू आहे ना?"

"व्हय, बाई."

"मग फोन का उचललास?"

"तुमचा होता म्हणून."

"परीक्षेत मी असणार आहे का?"

तेव्हाच ठरवलं, आता उचलायचा नाही.

तर त्या दिवशी सात मिनिटं उशिरा उतारा आला. तो असा होता:

'आज दुपारी पाणी भरत असताना माझा पाय घसरला. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आहे. घोटा सुजला असून उठता येत नाही. शेजारचे लोक लग्नासाठी परगावी गेले आहेत. घराचे दार नुसते लोटलेले आहे. कोणी येऊ शकेल काय?'

आता तुम्ही म्हणाल, एवढं सरळ लिहिलेलं हिला कळलं कसं नाही? अहो, बाईंचं सगळंच लिहिणं असं. 'उद्या वर्ग नाही' एवढं सांगायचं तरी त्या पाच वाक्यं लिहायच्या, प्रत्येकाच्या शेवटी टिंब. आणि आमच्याकडं पाणी सुटलं की सगळं शहर ड्रम भरत पळत असतं. कुणाचा पाय घसरत नाही? मला वाटलं, आज बाईंनी आपल्या इथलाच उतारा घेतला. किती छान. मधमाश्यांपेक्षा केव्हाही बरा.

मी वही घेतली. आरूला बिस्कीट दिलं. प्रश्न आलेले नव्हते, म्हणजे नियम एक. मीच काढले.

प्रश्न एक. लेखिका जमिनीवर का बसली आहे? उत्तर: पाणी भरताना पाय घसरल्यामुळे लेखिका जमिनीवर बसली आहे.

प्रश्न दोन. सूज कोठे आली आहे? उत्तर: घोट्याला.

प्रश्न तीन. शेजारचे लोक कशासाठी गेले आहेत? उत्तर: लग्नासाठी.

एवढ्यात फोन वाजला. 'बाई'. मी मनातल्या मनात हसले. आज नाही फसणार. फोन उपडा करून ठेवला. परत वाजला. मी वहीतून मानसुद्धा वर काढली नाही. आरू म्हणाली, "आई, फोन." मी म्हटलं, "गप, परीक्षा चाललीय."

प्रश्न चार. उताऱ्याला शीर्षक द्या. ह्यावर मी बराच वेळ घालवला. आधी 'पाण्याचे महत्त्व' लिहिलं, ते खोडलं. शेवटी लिहिलं, 'एकाकी म्हातारी'.

आणि पाचवा प्रश्न, माझा आवडता, स्वमत. म्हणजे आपलं मत लिहायचं. अशा प्रसंगी तुम्ही काय कराल? मी लिहिलं, 'आजकाल माणसाला माणूस राहिला नाही. कोणी हाक मारली तर हातातले काम टाकून धावत गेले पाहिजे. परंतु लोक आपल्या मोबाईलमध्ये गुंग असतात. दार उघडे ठेवून कोणी येण्याची वाट बघणे किती अवघड असते, हे ज्याचे त्यालाच कळते.'

शेवटचं वाक्य लिहिताना माझे डोळे भरून आले. खोटं नाही सांगत. त्या उताऱ्यातल्या बाईसाठी मी पदरानं डोळे पुसले. चपला तेवढ्या पायात घातल्या नाहीत.

पानाचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला. दोन-चार मिनिटांत बाईंचं उत्तर आलं:

'पाचपैकी पाच. आता येतेस का?'

मी ते दहा वेळा वाचलं. पाचपैकी पाच तर होतेच, पण 'येतेस का'? चार महिन्यांत ह्या शहरात मला कुणी 'ये' म्हटलं नव्हतं. बाईंनी कौतुक करायला घरी बोलावलं, दुसरं काय असणार?

मग रिकाम्या हातानं कसं जायचं? मी शिरा करायला घेतला. रवा मंद आचेवर भाजला, घाई केली नाही. आरूच्या दोन वेण्या घातल्या, त्यातली एक वाकडी झाली म्हणून सोडून परत घातली. लग्नातली साडी काढली. पिन सापडेना. शेजारणीच्या जाळीवरून मुद्दाम सावकाश गेले, म्हटलं दिसू दे, आम्हालाही कुणी बोलावतं.

बाईंच्या घरी पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. दार नुसतं लोटलेलं. 'उताऱ्यातल्यासारखंच,' असं माझ्या मनात आलंसुद्धा. तरी ट्यूब पेटली नाही.

आत गेले. बाई फ्रीजला टेकून खाली बसलेल्या, पाय लांब केलेला, साडी ओली, बाजूला बादली आडवी. मी शिऱ्याचा डबा छातीशी धरून काय विचारावं?

"बाई, खाली का बसलात?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "प्रश्न एक. उत्तर तूच लिहिलं आहेस."

तेव्हा कुठं ट्यूब पेटली. मी तिथंच त्यांच्यासमोर बसले. आता दोघी जमिनीवर, आणि उठवायला आरू.

"बाई, मला वाटलं उतारा आहे."

"ते कळलं मला. फोन का नाही उचललास?"

"तुम्हीच म्हणला होता ना…"

"हो, म्हटलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि म्हातारी कोण गं?"

मी रडायलाच लागले. बाई म्हणाल्या, "रडणं नंतर. डब्यात काय आहे? दुपारी जेवणाआधीच पडले मी." आणि तिथंच बसून चार घास खाल्ले. "साखर जास्त झाली आहे," हेही सांगितलं.

मी त्यांना काखेत हात घालून उठवलं, कोपऱ्यावरची रिक्षा आणली. रिक्षावाले चाचा माझी जरीची साडी आणि बाईंचा पाय बघून म्हणाले, "शादी में गिरे क्या अम्मा?"

रिक्षात बाईंनी माझा हात धरला. "शीतल, माझ्या मुलाला यातलं काही कळवू नकोस. त्याला निमित्तच हवंय. आई एकटी पडली म्हटलं की तो मला पुण्याला घेऊन जाईल, आणि घर विकेल."

बाई गेल्या तर परीक्षेचं काय, हा विचार आधी आला नाही, खरं सांगते. दोन वाजता काय, हा आला.

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं, पण तीन आठवडे पाय टेकवायचा नाही म्हणाले. संध्याकाळी मुलाचा फोन आलाच, आणि बाईंना खोटं बोलता येत नाही, शिक्षिका ना. सगळं सांगितलं. तो तिकडून काय बोलला ते ऐकू आलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "एकटी कुठं आहे? एक मुलगी रोज येते." मी मागं वळून बघितलं, कोण येते म्हणून. मग कळलं, मी.

तेवढ्यात मोबाईल वाजायला लागला. ग्रुपमधल्या बाकीच्या पाच जणी कामावरून सुटल्या होत्या. पाचही जणींनी माझी उत्तरं बघून उतरवून पाठवली होती. शीर्षकासकट. बाईंना एका दिवसात सहा वेळा 'एकाकी म्हातारी' वाचावं लागलं.

घरी ह्यांना सांगितलं. हे आधी पोट धरून हसले, मग म्हणाले, "सातवी पास होतीस तवा असं नव्हतं करत."

आता मी रोज दुपारी आरूला घेऊन बाईंकडं जाते. पाय बरा झाला, तरी जाते. मुलगा एकदा येऊन मला बघून गेला आणि बाई इथंच राहिल्या. परवा बाईंनी सराव परीक्षा घेतली. उताऱ्यात एक माणूस नदीत पडला होता. स्वमतात मी लिहिलं, 'मी ताबडतोब मदतीला धावून जाईन.' पेपर हातात आला. बाईंनी त्या वाक्याखाली लाल शाईनं रेघ ओढून समोर लिहिलं होतं, 'किती वाजता?' आणि अर्धा मार्क कापला होता.

तर एवढं काम करा. तुमच्या गल्लीत, नात्यात कुणी सातवी-आठवीला शाळा सुटलेली असेल, तिच्या कानावर घाला. वर्ग आता बाईंच्या घरी भरतो, पोरं आणली तरी चालतात. आणि 'ये' म्हटलं की त्याच वेळी निघायचं असतं, हे तिला नीट समजावून सांगा. आम्हाला उतारे येतात, बाकीचं जरा उशिरा कळतं.