वर बघ, खाली बघ

कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या लेथ मशीनवर एक कामगार असायचा. डोळ्यात लोखंडाचा कण गेला, की आम्ही सगळे डॉक्टरकडे न जाता त्याच्याकडे जायचो. खिशातल्या रुमालाचं टोक पिळत तो म्हणायचा, "वर बघ रं. खाली बघ. झालं, जा." त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, बुबुळावर पांढुरका ठिपका. त्याबद्दल विचारलं, की तो लेथ चालू करायचा.

एकदा माझा डोळा लाल झाला, उजेड सोसेना. पापणी वर करून त्याने बराच वेळ पाहिलं आणि रुमाल परत खिशात घातला.

"ह्यात कचरा न्हाई, गड्या. दुकानातला ड्रॉप घालू नगंस. मी घातला हुता."

लेथ बंद करून त्याने मला गाडीवरून सांगलीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तापात ओठावर फोड आणतो तोच विषाणू बुबुळावर उठलाय.

त्याने खाली बघत विचारलं, "आवं, माझ्याच रुमालानं गेला न्हवं ह्याच्या डोळ्यात?"

"अहो, तो बहुतेकांच्या अंगात लहानपणापासूनच झोपलेला असतो. डोळ्यात मात्र एखाद्याच्याच उठतो."

"तुमच्याबी अंगात?"

"असेल की."

बाहेर पायरीवर येऊन त्याने खिशातला रुमाल काढला, झटकला आणि घडी करून परत ठेवला.

माझा डोळा वाचला. ते वर्कशॉप सुटूनही आता बरीच वर्षं झाली. अजूनही डोळ्यात काही गेलं, की मी आधी वर बघतो, मग खाली बघतो, आणि कुणीतरी "झालं, जा" म्हणेल म्हणून तसाच उभा राहतो.