नानांची बैठकीची खोली

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, एका रविवारी, भडगावात आमच्या शेजारच्या नानांनी गल्लीने उसना आणून ठेवलेला सोफा परत पाठवला. तासाभरात त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. तहसील कचेरीतले हे कारकून बैठकीच्या खोलीत एक सतरंजी आणि एक माठ एवढेच ठेवत. आधीचे एक स्थळ 'घरात काहीच नाही' म्हणून परतले होते.

"नाना, खोली बठ्ठी रिकामी शे. पाव्हना काय म्हनतीन?" माझ्या आईने विचारले.

"बसतीन," म्हणत नाना ओल्या फडक्याने फरशी पुसू लागले.

मुलाचे वडील जामनेरहून उन्हातून आले. खोलीभर पाहून, तांब्याभर पाणी पिऊन ते म्हणाले, "जरा पाठ टेकतो," आणि पुसलेल्या गार फरशीवरच झोपी गेले.

चार वाजता उठून त्यांनी चहा मागितला आणि साखरपुड्याचा दिवस विचारला.