चुन्याचे पट्टे

बदलापूरला नदीकाठी फिरायला जाताना उन्हाळाभर तो मला दिसायचा. गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी, हातात चुन्याचा डबा. झाडांच्या खोडांवर पांढरे पट्टे ओढायचा. मी थांबलो की तोही थांबून माझ्याकडे रोखून बघायचा. हा बिल्डरचाच माणूस, प्लॉट पाडतोय, अशी माझी खात्री झाली. काठ पक्ष्यांसाठी राखून ठेवा, अशी पाटी आमच्याच नव्या सोसायटीनं तिथं लावली होती.

शेवटी मी त्याचा फोटो काढला आणि दरडावून विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून आखताय?"

"नदीच्या. माझा बाप हितं होडी चालवायचा. मोठा पूर ओसरल्यावर काडीकचरा जिथवर अडकला, तिथवर त्यानं चुना लावला. मी दरसाल नवा करतो. गावाची शीव इथवरच. पुढं नदीची हद्द. तिथं पाखरांनी राहायचं, माणसानं खुंटी पण ठोकायची नाय." मग त्यानं विचारलं, "तुम्ही कुठं राहता?"

मी काठालगतच्या आमच्या टॉवरकडे बोट दाखवलं.

त्यानं डबा उचलला. तो आमच्या गेटवरून पुढं गेला आणि टॉवरच्या मागच्या चिंचेवर, माझ्या छातीइतक्या उंचीवर, पट्टा ओढला.

एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला चुना, आणि मधे आम्ही.