एका वेळी एक लाइन

नागपूरच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवणारे आम्ही दोघंच होतो: मी आणि माझ्याहून वयाने लहान एक सहकारी. काटोल, वरुड आणि नरखेडच्या संत्रा केंद्रांनी माल उचलायच्या ट्रकची मागणी टेलिफोनच्या लाइनवरून थेट कॉम्प्युटरला कळवायची होती. त्यासाठी प्रोग्राम मी लिहायचा, असं ठरलं.

मी शेल स्क्रिप्ट, म्हणजे मशीनच्या तयार आज्ञा ओळीने लिहिलेला साधा प्रोग्राम, निवडली. सी भाषा या कामाला जास्त बरी, पण ती मला धड येत नव्हती आणि तसं सांगायला जीभ रेटत नव्हती. माझी स्क्रिप्ट एका वेळी एकच लाइन घ्यायची, ती संपली की पुढची. सहकारी म्हणाली, "भाऊ, एकजण अटकला तं बाकीचे काय करतीन? दर लाइनले वेगळा प्रोग्राम चालू द्या ना."

"मशीनला झेपणार नाही," मी तिला झटकून टाकलं. झेपतं का, हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

ट्रंक कॉल लागायला तेव्हा अर्धा दिवस जायचा, म्हणून लागलेली लाइन कुणी तोडत नसे. हे मला पक्कं ठाऊक होतं. ऐन तोडणीत काटोलचा ऑपरेटर लाइन तशीच ठेवून जेवायला गेला आणि माझी स्क्रिप्ट त्याची वाट पाहत बसली. नरखेडची मागणी वेळेत पोचलीच नाही. ट्रक गेले नाहीत, तिथली तोडलेली संत्री उन्हात नासली.

आमच्या साहेबांनी जाब विचारायला बोलावलं, तेव्हा नरखेडचा ऑपरेटर एसटीने आला. पन्नाशीचा, कीबोर्डला हात लावण्याआधी हात धुणारा माणूस. "मी दुपारपासून पाठवून राहिलो होतो, साहेब. तिकडून जवाबच नाही आला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काटोलची लाइन तीन तास अडली होती, हे मी मशीनवर वाचलं होतं.

"मशीन ठीक आहे," मी म्हणालो. सहकारी कागद चाळत राहिली. साहेबांनी त्याला फैलावर घेतलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "भाऊ, माझंच चुकत असन. मले पुन्हा शिकवून द्या." मी तासभर शिकवलं. त्याचं एकही बटण चुकत नव्हतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात मी गुपचूप दर लाइनला वेगळा प्रोग्राम लावला. मशीनला ते सहज झेपलं. नरखेडच्या मागण्या बिनबोभाट येऊ लागल्या, तेव्हा त्या ऑपरेटरने साहेबांना सांगितलं, "भाऊनं शिकवलं म्हणून जमलं."

साहेबांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली.