किरण सांध्यावरून का घसरला

आमचे साहेब विलायतेत शिकून आले होते आणि हे ते दिवसातून चारदा सांगत. साठच्या दशकात पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनच्या किरणाने पोलाद जोडायचं यंत्र आलं. हवा काढून घेतलेल्या पेटीत किरण पडायचा आणि दोन तुकडे वितळून एक व्हायचे. यंत्र मी चालवायचो. पण किरण सांध्यावरून एका बाजूला घसरायचा आणि जोड फुकट जायचा.

"लोहाराचा मुलगा तू. तुझा हात घणाचा," साहेब म्हणाले. "सोमवारी जमलं नाही, तर जा परत ऐरणीवर."

यंत्रावर फक्त आकड्यांच्या चकत्या फिरवायच्या होत्या, तिथे घणाचा काय संबंध? पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. साहेबांना कोण समजावणार?

शनिवारी बिघडलेला तुकडा घेऊन मी भऱ्याला, आमच्या गावी, घरी गेलो. वडील कानशीने फाळ घासत होते. मी तुकडा ऐरणीवर टाकला.

"काय हाय ह्ये?"

"तुमच्या समजण्यातलं नाही, आबा," मी म्हणालो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला होता, साहेबांचा गुण लागणारच.

त्यांनी तुकडा उचलला. ऐरणीवरचा कीस त्याला दाढीसारखा चिकटून आला.

"ह्यो तर ओढतोय. लोहचुंबकावर धरला व्हता का?"

धरला होता. घासायच्या मशीनचा पाटच चुंबकाचा, तुकडा घट्ट धरून ठेवणारा. चुंबकाजवळ किरण वाकतो, हे कॉलेजात पाठ करून मी मार्क मिळवले होते आणि पाच आठवडे डोकं खाजवत बसलो होतो.

"लालबुंद कर आन निवू दे, ओढ जाती," वडील म्हणाले. "कीस चिकटला की धार दिसत न्हाई, म्हून आमी तसंच करतो."

सोमवारी नवे तुकडे घासून झाल्यावर आधी लाल तापवले, निववले, खरवडून स्वच्छ केले. किरण सरळ सांध्यात उतरला. साहेबांनी भिंगातून जोड पाहिला.

"हे कुठे शिकलास?"

"पुस्तकात वाचलं होतं," मी म्हणालो. नोकरी वाचली. साहेबांचा मला तिटकारा होताच, त्या दिवशी स्वतःचाही आला.

पुढच्या शनिवारी वडिलांनी विचारलं, "सायबाला सांगितलंस, कुनी सांगितलं ते?"

"व्हय," मी म्हणालो.

त्या दिवशी फाळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं, आणि मी शेजारी बसून भाता ओढत राहिलो.